दाराचे आणि भिंतीचे

आमच्या मामाचं दुकान आग विझवायच्या लाल सिलेंडरचं. ऑफिसात, जिन्यात, लिफ्टशेजारी भिंतीला टांगलेले असतात ना, ते. तुम्ही रोज त्यांच्यासमोरून जाता आणि कधी त्यांच्याकडे बघत नाही. वर्षातून एकदा ते आमच्याकडे येतात. आम्ही भरतो, पुसतो, नवं स्टिकर चिकटवतो आणि परत टांगून येतो. शाळा सोडल्यापासून मी इथेच असते. आई लोकांना सांगते, शाळेने हिला काढलं. खोटं आहे. मी शाळेला काढलं. तासन् तास बाकावर बसून दुसऱ्याचं ऐकायचं आणि मधे बोललं की वर्गाबाहेर, हे आपल्याला जमत नाही. इथे निदान हाताला काम आहे. जास्त बोललं तर मामा पाना फेकतो, पण नेम मुद्दाम चुकवतो.

मामा मला ठिणगी म्हणतो. आग विझवायच्या दुकानात ठिणगी, हा त्याचा लाडका विनोद. येईल त्या गिऱ्हाईकाला ऐकवतो. गिऱ्हाईक हसतं. मी नाही हसत.

पण काम त्यानेच शिकवलं, आणि झकास शिकवलं. सिलेंडरच्या आत पांढरी पावडर असते आणि वर गॅसचा दाब. दाब दाखवायला बाहेर एक काटा असतो, तो हिरव्यात आला की बघणारा खूश. पावडरीचं मात्र काट्याला काही कळत नाही. ती वर्षभर एका जागी बसून दगड होते. मग ऐन वेळी दांडा दाबला की नुसता गॅस निघून जातो आणि पावडर आत बसलेली तशीच. म्हणून सिलेंडर उलटा करायचा, बूड कानाला लावायचं आणि ऐकायचं. पावडर मोकळी असली की वाळू घसरल्यासारखं सर्रर्र वाजतं. दगड झाली असेल तर चिडीचूप.

त्या दिवशी सकाळी बालवाडीचे सिलेंडर निघायचे होते. दादाने, म्हणजे मामाच्या मुलाने, सगळे पुसून, स्टिकर लावून, काटे हिरव्यात आणून दारात ओळीने ठेवले होते. मी टेम्पोत चढवायला म्हणून पहिला उचलला आणि सवयीने उलटा केला.

चिडीचूप.

दुसरा. तिसरा. सगळे मुके. एकच काय तो वाजला, ज्याच्या मानेला दादाने लाल धागा बांधला होता.

"दादा, हे भरलेच नाहीत."

"तो धाग्याचा भरलाय की. दाराचा."

"आणि बाकीचे?"

"ते भिंतीचे."

मला हे नवीन होतं. आतापर्यंत मी मोठे कारखान्याचे सिलेंडरच बघत होते, त्यात असली भानगड नव्हती. दादाने मग मला अडाण्याला समजवावं तसं समजावलं. तपासणीवाला येतो तो दारातून येतो. दाराजवळचा एक सिलेंडर हातात घेतो, हलवतो, फार तर एकदा दाबून बघतो. मग ऑफिसात जाऊन चहा पितो. पुढे भिंतीपर्यंत आजवर कोणी गेलेलं नाही. मग दाराचा भरायचा आणि भिंतीच्यांना नुसता गॅस मारून काटा हिरव्यात आणायचा.

"सगळेच असं करतात," दादा म्हणाला.

मी सरळ मामासमोर जाऊन उभी राहिले. तो स्टुलावर बसून एका सिलेंडरची मान पान्याने आवळत होता.

"मामा, बालवाडीचे सगळे मुके आहेत."

"असू दे."

"असू दे काय? लहान पोरं आहेत तिथे."

"बालवाडीत काय पेटणार आहे? रंगीत खडू?"

"तूच शिकवलंस ना मला ऐकायला?"

"शिकवलं. आता न ऐकायला शिक." मग पाना खाली ठेवून म्हणाला, "हे बघ ठिणगे, एकदा पावडर संपली होती. पार्टीला घाई होती. म्हटलं, आज असेच देऊ, पुढच्या महिन्यात बदलू. पुढचा महिना आला, गेला. काही झालं नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही काही झालं नाही. बाजारात सगळे निम्म्या भावात देतात, आणि मी एकटाच आपला पावडर चाळत बसू? आणि त्यांनाच नकोय गं. बालवाडीच्या मोठ्या बाईंनी स्वतः सांगितलं, स्टिकर तेवढं नवं लावा, बाकी काय ते तुमचं तुम्ही बघा."

काही झालं नाही. मामा हे असं म्हणाला, जसं काही त्याला वरून कोणी परवानगी दिली होती. माझं डोकं फिरलं. मी काय काय बोलले ते सांगत नाही, पण समोरचा गादीवाला हातातलं काम टाकून बघायला आला.

आम्ही दुकानाच्याच वरच्या खोलीत राहतो, आई आणि मी. आई जिन्यात येऊन उभी राहिली. "तोंड आवर. आपण कोणाच्या खोलीत राहतो, काही आहे का लक्षात?"

"ताई, राहू दे," मामा म्हणाला. त्याला आईने असं बोललेलं आवडत नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "पावडर आली की बदलून देतो सगळे. शब्द देतो. आत्ता जा, टांगून या. त्यांची पालकांची मीटिंग आहे, भिंती रिकाम्या दिसायला नकोत."

मामाने शब्द दिला म्हणून मी टेम्पोत बसले. मामाने शब्द देऊन फिरवलाय असं तोवर झालं नव्हतं.

वाटेत सिग्नलला मी दादाला विचारलं, "पावडर कधी येणार आहे?"

"कुठली पावडर?" असं म्हणून तो जो हसायला लागला, तो सिग्नल सुटून मागचे हॉर्न मारायला लागले तरी थांबेना.

बालवाडी एका जुन्या बंगल्यात होती. खाली दोन वर्ग, माझ्या गुडघ्याला लागतील असली बेसिनं, बोटभर उंचीच्या खुर्च्या. वरच्या मजल्यावर एक लांब खोली. तिथे पोरं दुपारी झोपतात. खिडक्यांना पक्के गज, पोरं पडू नयेत म्हणून. खाली यायला एकच जिना, तोही लाकडी, आणि जिन्याच्या बरोबर खाली स्वयंपाकघर. मी तिथे उभी राहून खाली बघितलं. काय पेटणार आहे म्हणे. रंगीत खडू म्हणे.

वरच्या खोलीत एक मावशी गाद्या झाडत होत्या. पोरांना निजवायचं, उठवायचं, नाक पुसायचं काम त्यांचं. दणकट बाई. मी जिन्याशी सिलेंडर टांगत होते तर जवळ येऊन बघायला लागल्या.

"हे वापरतात कसं गं?"

"पिन ओढायची आणि दाबायचं."

"एवढंच? मग मला इतकी वर्षं कोणी सांगितलं का नाही?"

मी हुक घट्ट करत राहिले. बोलले असते तर सगळंच बोलले असते. दाराचा मी पुढच्या मोठ्या दाराशी लावला. पण पुढचा रस्ता खणून ठेवल्यामुळे ते दार बंदच होतं, सगळे मागच्या अंगणातून ये-जा करत होते. आमच्या दुकानाच्या हिशोबात हे कुठेच बसत नव्हतं.

पालक जमले. मोठ्या बाई अंगणात आल्या आणि दादाला म्हणाल्या, "आलाच आहात तर एक प्रात्यक्षिक होऊन जाऊ दे. पालकांवर छाप पडते."

दादाला असलं फार आवडतं. त्याने पत्र्याच्या ट्रेमध्ये चिंध्या टाकल्या, रॉकेल ओतलं, काडी लावली. ज्वाळा उठल्या, पोरांनी टाळ्या पिटल्या. दादा मला म्हणाला, "जा, पुढच्या दाराचा घेऊन ये."

तेवढ्यात मावशी मागच्या दारातून आल्या. वरच्या जिन्याशी मी टांगलेला सिलेंडर काखोटीला मारून.

"मला हाच लागणार ना वेळ आली तर? मग ह्याच्यावरच शिकव."

"अहो मावशी, तो नको," दादा घाईघाईने म्हणाला. "तो जड असतो."

"मी एका वेळी दोन पोरं उचलून जिना चढते. जड मला नको शिकवू."

लोक हसले. दादाने माझ्याकडे बघितलं. डोळे वटारून, मान जरा हलवून. म्हणजे काय ते मला कळत होतं: तिच्या हातातून घे, काहीतरी कारण सांग, पिन अडकलीय म्हण, दुसरा आण. एका वाक्याचं काम होतं. सगळं झाकलं गेलं असतं, मामा खूश, आई खूश, संध्याकाळी कोणी रागावलं नसतं.

मी मावशींजवळ गेले. "पिन ओढा," मी म्हटलं. "नळी आगीच्या बुडाशी धरा. ज्वाळांवर नाही, बुडाशी. हां. आता दाबा."

दादाचा चेहरा पडला.

मावशींनी दाबलं. फुस्स झालं. सायकलच्या ट्यूबमधली हवा जाते ना, तेवढंच. ज्वाळा जराशा वाकल्या, परत सरळ झाल्या आणि आरामात जळत राहिल्या.

"फुस्स झालं! फुस्स झालं!" एक पोरगं ओरडलं, आणि सगळे खो खो हसायला लागले. दादाने कोपऱ्यातली वाळूची बादली ट्रेवर उपडी केली आणि घाम पुसत म्हणाला, "एखादा असा खराब निघतो."

"एखादा नाही," मी म्हटलं. माझा आवाज मुळात मोठाच आहे. "सगळे असेच आहेत. पुढच्या बंद दाराजवळचा एक सोडून बाकी सगळे. आत पावडर दगड झालीय. आम्ही वरून नुसता गॅस मारलाय, काटा हिरवा दिसावा म्हणून. वर पोरं झोपतात तिथलाच हा, आत्ता तुमच्यासमोर दाबला."

हसणं थांबलं. मी वाट बघत होते. मला वाटलं, आता कोणीतरी ओरडेल. दादाची कॉलर धरेल, मोठ्या बाईंना जाब विचारेल. मला तर वाटलं होतं, मलाच एक मुस्काटात बसेल, आणि ती खायची माझी तयारी होती.

एकाने मोबाईल काढला आणि वाळूच्या ट्रेचा फोटो घेतला. एक बाई दुसरीला म्हणाली, "आमच्या बिल्डिंगमध्ये पण हेच लोक येतात वाटतं." दुसरी म्हणाली, "अगं, सगळीकडे तेच आहे." एका बाबांनी हात वर केला, अगदी वर्गात करतात तसा. मी म्हटलं, चला, निघाला एक तरी.

"मग ह्यामुळे फी वाढणार आहे का?" त्यांनी विचारलं.

मोठ्या बाई लगेच म्हणाल्या, "मुळीच नाही!" आणि लोकांचे खांदे सैल पडले. खरंच सांगते, दिसलं मला, एकदम सैल पडले. मग कोणाला ऑफिस होतं, कोणाची गाडी चुकीच्या जागी लावलेली होती. बघता बघता अंगण रिकामं झालं. वाईट माणूस त्यात एकही नव्हता. जाताना सगळ्यांनी आपापल्या पोराचे पापे घेतले. ज्याच्या डोक्यावर हात फिरवत होते त्यालाच तिथे ठेवून गेले.

मोठ्या बाई माझ्यावर उखडल्या. "हे सगळ्यांसमोर बोलायची काय गरज होती? मला बाजूला घेऊन सांगायचं."

"तुम्हाला बाजूला घेऊन सांगितलं असतं तर तुम्ही बाजूलाच ठेवलं असतं."

"कोण आहे ही मुलगी? उद्यापासून मला ही इथे दिसता कामा नये," त्या दादाला म्हणाल्या. दादाने टेम्पो काढला, मला म्हणाला, "आता तूच बघ बाबांना काय सांगायचं ते," आणि निघून गेला. सिलेंडर तिथेच, मीही तिथेच.

मावशी अजून तो सिलेंडर हातात धरून उभ्या होत्या. त्यांनी तो खाली ठेवलाच नव्हता.

"आज पोरांना वर्गातल्या बाई खालीच निजवतील. उद्या मात्र माझी पोरं वर झोपणार," त्या म्हणाल्या. "बाकीच्यांचं मला कळत नाही. हे आज भरता येतात का, तेवढं सांग."

"येतात."

"मग बोलत काय बसलीस?"

गाद्या वाहायची एक चाकांची ढकलगाडी होती. तिच्यावर आम्ही सगळे सिलेंडर आडवे रचले. मोठ्या बाई दारात येऊन, "मावशी, हे तुमचं काम नाही," म्हणाल्या. मावशी म्हणाल्या, "मग कोणाचं आहे ते सांगा, मी त्याला बोलावते." मोठ्या बाई आत गेल्या. आम्ही दोघी भर उन्हात लाल सिलेंडरांची गाडी ढकलत रस्त्याने निघालो. एक चाक सारखं डावीकडे पळायचं. लोक बघत होते. एकाने विचारलं, काय विकताय? मी म्हटलं, अक्कल. शिल्लक थोडीच आहे.

दुकानात दादा आधीच पोचून सगळं सांगून मोकळा झाला होता. मामा दारातच उभा होता. त्याने गाडीकडे बघितलं, मावशींकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"माझ्या तोंडाला काळं फासलंस."

"ते नंतर बोल. पावडर काढ."

"पावडर नाही."

"आहे. माळ्याखाली गोणी आहे."

"ती दाराच्यांसाठी आहे. वर्षभर पुरवायचीय मला."

"आज सगळेच दाराचे."

"हात लावलास तर उद्यापासून दुकानात यायचं नाही!"

"उद्या यायचंच नाहीये मला. आज भरायचेत."

आई जिन्यात आली होती. ह्या वेळी तिने मावशींना बसायला स्टूल दिलं आणि परत जिन्यात जाऊन उभी राहिली.

मी कामाला लागले. पहिल्या सिलेंडरचा दाब सोडला, मान उघडली, उलटा करून रबरी हातोडीने ठोकला. आतून पांढरा गठ्ठा निघाला, विटेच्या तुकड्यासारखा. मी तो उचलून मामाच्या स्टुलावर ठेवला. मुद्दाम. मग दुसरा, तिसरा. हाताला जुन्या पावडरीचा थर बसला म्हणून नळाखाली हात धुतले, फ्रॉकला पुसल्यासारखं केलं, गोणी कापली आणि आत हात घातला.

"अगं ए! ओल्या हाताने?" मामा असा ओरडला की गादीवाला परत बाहेर आला. "ओल्या हाताने पावडरीत? गोळे होतील! पुन्हा दगड होणार ते!"

"झाले तर झाले," मी म्हटलं. "दगड चालतात ना तुला?"

मामाने स्टुलावरच्या गठ्ठ्यांकडे बघितलं. मग माझा हात गोणीतून ओढून काढला, खुंटीवरचा कोरडा टॉवेल माझ्या अंगावर फेकला आणि मला ढकलून स्वतः गोणीशी बसला. गोणीची वरची ओलसर पावडर त्याने बाजूला काढून टाकली. चाळण मागितली. नरसाळं मागितलं. "हे नाही, बारीक तोंडाचं. आणि आतून फडकं फिरवलंस का? नाही ना? मग ते कोण तुझा बाप फिरवणार?"

मी फडकं फिरवलं. मामाला काही देव भेटला नव्हता. त्याला वाईट काम डोळ्यासमोर होताना बघवत नव्हतं, बस. भिंतीवर जाऊन लांब टांगलं की दिसत नव्हतं, म्हणून इतकी वर्षं चाललं. पण मला त्याने कारण कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मी पुसायचे, तो भरायचा, मी मान आवळायचे, तो उघडून परत आवळायचा. दादा थोडा वेळ दारात हाताची घडी घालून उभा राहिला. मग मामा न बघता म्हणाला, "गॅसची नळी कोण जोडणार, शेजारचा?" तेव्हा तो आत आला.

उन्हं कलली तोवर सगळे तयार होऊन परत ढकलगाडीवर रचलेले होते. काटे हिरव्यात, सील नवी. मामा कमरेवर हात ठेवून उठला आणि मावशींना म्हणाला, "घ्या. झालं तुमच्या मनासारखं."

मावशी स्टुलावरून हलल्या नाहीत. "सकाळीही असेच दिसत होते," त्या म्हणाल्या.

मामाचं तोंड लाल झालं. आता पाना फेकतोय, असं मला वाटलं, आणि ह्या वेळी नेम धरून.

"कानाला लावून बघा ना," दादा म्हणाला.

"कानाबिनाचं मला कळत नाही. मी एक निवडते. दाबून दाखवा."

"अहो, दाबला की दाब जातो! परत उघडायचा, परत भरायचा, सगळं पहिल्यापासून!"

"मग?"

मामाने माझ्याकडे बघितलं. मी काही मदत केली नाही. मावशी उठल्या, गाडीभोवती एक चक्कर मारली, आणि अगदी तळाशी दबलेला एक ओढून काढला. पिन काढली. दादा म्हणाला, "थांबा, जरा बाहेर वळवा," पण तोवर त्यांनी दाबला होता.

पांढरा लोट सुटला तो थेट दादाच्या छातीवर. तिथून गल्लीत. गादीवाल्याचं दार, टेम्पो, आमचा जिना, सगळं पांढरं. आई खोकत खोकत वर पळाली. मावशी दांडा सोडायला तयार नाहीत. पोरं निजवायच्या आवाजात "हं, हं, हं" करत त्यांनी तो पार रिकामा केला. लोट बसला तेव्हा दादाच्या चेहऱ्यावर फक्त डोळे दिसत होते.

"हा चालतो," मावशी म्हणाल्या.

मामाने भुवयांवरची पावडर झटकली, रिकामा सिलेंडर त्यांच्या हातातून घेतला आणि परत गोणीशी बसला.

"ठिणगे," तो म्हणाला, "चाळण आण. आणि हात कोरडे कर आधी."